दहा वॅटचं मशीन, पंचवीस वॅटचा कर्णा

माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आलो, आणि ती कुणालाच पटली नाही. मोठ्या ताकदीच्या मशीनला लहान कर्णा लावला तर कर्णा जळतो, हे सगळ्यांना कळतं. त्यात शिकण्यासारखं काही नाही. पण लहान मशीनला मोठा कर्णा लावून त्या मशीनला दमापलीकडं ओरडायला लावलं, तर जळतो तोही मोठा कर्णाच, असं म्हटलं की माणसं माझ्याकडं कीव केल्यासारखी बघतात. दुबळ्यानं बळकटाला कसं जाळावं, असं त्यांना वाटतं. पूर्वी मी वाद घालायचो, चांगला तावातावानं घालायचो. आता नुसती मान हलवतो आणि कर्णा लहानच देतो.

जाणूनबुजून मी एकच कर्णा जळू दिला. तो माझा नव्हता, उसना आणलेला होता, आणि त्याची भरपाई करता करता माझी चांगलीच दमछाक झाली. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी जे झालं त्याची मात्र अजून भीती वाटते, आणि मी काही भित्रा माणूस नाही.

जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, आणि आखाडा बाळापूरच्या बाजारात माझं घड्याळं आणि ग्रामोफोन दुरुस्त करायचं दुकान होतं. लष्करातून निघालेलं एक जुनं अॅम्प्लिफायर मी नांदेडहून आणलं होतं. आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणायचो. ते मोटारीच्या बॅटरीवर चालायचं, दहा वॅटचं होतं, आणि त्याच्यासोबतचा कर्णाही दहाचाच होता. पत्रिका जुळलेली असावी तसं त्या दोघांचं जमायचं. लग्नं, जत्रा, कुस्त्यांचे फड, सगळीकडं मी ती जोडी नेत असे आणि आवाज असा स्वच्छ निघे की म्हातारी माणसं कर्ण्यात वाकून आत कोण बसलंय ते बघत.

त्या चैत्रात डोंगरकडा या गावाहून आत बैलगाडीच्या वाटेवर असलेल्या एका नदीकाठच्या गावानं मारुतीच्या देवळात सप्ता बसवला आणि मला बोलावलं. गावाचं नाव सांगत नाही, ज्या घराची ही गोष्ट, तिथली माणसं अजून आहेत. पाटलांची एकच अट होती. नदीपलीकडच्या गावानं आदल्या वर्षी सप्ता केला होता आणि त्यांचे टाळ इकडं ऐकू आले होते, तेव्हा आपला आवाज आता त्यांच्या शिवारात घुसला पाहिजे. लहान कर्णा त्यांना पसंत पडेना. शेवटी मी एका तंबू-सिनेमावाल्याकडून पंचवीस वॅटचा भलामोठा कर्णा उसना आणला. पाटील त्याच्याभोवती बैल पारखावा तसे फिरले आणि खूश झाले. मी सांगितलं की कर्णा मोठा असला तरी दम मशीनचाच, आणि मशीन आहे तेवढंच आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला चहा दिला.

सप्त्यात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. दोन तासांचा एकेक पहारा, तेवढा वेळ उभ्यानं ती गळ्यात घ्यायची, आणि पहारा सुटला की पुढच्याच्या गळ्यात घालायची. पहिल्याच सकाळी पाटलांनी ठरवून टाकलं की कर्णाही वीणेसारखाच, सात दिवस त्याचाही खंड पडायचा नाही. मशीनला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि मोठ्या मानानं वर शाल पांघरली. आत काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल झालेले आणि वर लोकरीची शाल. मी ती तीनदा काढून ठेवली, आणि तिन्ही वेळा कुणीतरी हात जोडून ती परत घातली.

आवाजाच्या बटनाला मी अर्ध्यावर चुन्याचं बोट लावलं आणि बजावलं की याच्या पुढं न्यायचं नाही. पुढं नेलं की मशीनचा दम संपतो आणि आवाजाची वरची टोकं कापली जातात. माणसाचा आवाज चढतो, उतरतो, मध्ये श्वास घेतो. कापलेल्या आवाजाला उतार नसतो. कर्ण्याच्या मागच्या युनिटमध्ये केसाएवढ्या तारेचं वेटोळं असतं, त्याला मग विसावा मिळत नाही आणि ते तापत जातं. बाहेर ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आवाज फाटलाय. मी जेवायला गेलो की बटन चुन्याच्या पुढं गेलेलं असायचं. दुसऱ्या संध्याकाळी पाटलांनी ते सरळ शेवटाला नेलं, वर मशीनच्या पाठीमागच्या पितळी स्क्रूंवरच्या, कर्ण्याकडं जाणाऱ्या ताराही जास्त आवाजाच्या स्क्रूवर बसवायला लावल्या. मी चिडलो, मग गप्प बसलो. पाहुण्यानं किती भांडायचं यालाही मर्यादा असते.

कर्णा देवळाजवळ लावता येत नाही, माईक त्याचाच आवाज घेतो आणि शिटी मारतो. म्हणून तो दोनशे पावलांवर, गावाबाहेर नदीच्या अंगाला एका कवठाच्या झाडावर बांधला होता. मध्ये घरं होती. झाडाखाली उभं राहिलं तर देवळातलं काही ऐकू येत नसे, ऐकू यायचा तो फक्त कर्णा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी तार तपासत झाडाकडं गेलो. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा ओसरीखालून हलत नव्हती. झाडाखाली सात-आठ बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढं एक पन्नाशीची बाई मातीत बसून मान वर करून कर्ण्याकडं बघत होती. वरून फाटक्या, घोगऱ्या आवाजात अभंग चालला होता. तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, “ह्यो कवा आला?”

मी विचारलं, कोण?

“माझा थोरला,” ती म्हणाली.

बायांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. तिला दोन मुलगे. थोरला दोन वर्षांपूर्वी देवीच्या साथीत गेला. घशात फोड आले होते, शेवटचे नऊ दिवस तोंडातून शब्द निघाला नाही. जाताना त्यानं आईकडं बघून ओठ हलवले, पण आवाज आला नाही. तो काय म्हणाला हे तिनं नंतर गावातल्या प्रत्येकाला विचारून बघितलं होतं, जणू दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं असेल. थोरल्याचा आवाज असाच घोगरा होता आणि दुपारचा पहारा त्याचाच असायचा. आता तो पहारा धाकटा करत होता. धाकट्याला गाणं थोरल्यानंच शिकवलेलं, कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, सगळं त्याचंच. गळा तेवढा स्वच्छ.

मी शहाणपणानं बायांना समजावलं की हे मशीनच्या कमी ताकदीमुळं होतंय, दुसरं काही नाही. त्यांनी माना हलवल्या आणि कुणी तिथून गेलं नाही.

चौथ्या दिवशी माझं शहाणपण उतरलं. नदीला घोट्याएवढं पाणी होतं, त्यातून पलीकडच्या गावचा एक माणूस चालत आला. तीन वर्षं तो लांब कुठं गिरणीत होता आणि चार दिवसांपूर्वीच परतला होता. देवळाच्या पायरीशी मी बसलो होतो, त्यानं मलाच विचारलं की पहारा कधी सुटतो, दोस्ताला भेटायचंय, शेतात काम करता करता आवाज ओळखला. मग त्यानं आत डोकावलं. आत धाकटा वीणा घेऊन गात होता.

“मंग भाईर कोन गाऊन राहिलं?” त्यानं मला विचारलं.

थोरला गेल्याचं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला. दिलेलं पाणी त्यानं हातात धरलं, प्याला नाही, आणि जाताना कवठाच्या झाडाची वाट सोडून लांबच्या वाटेनं गेला. ज्याला काही माहीत नव्हतं त्यानं नदीपलीकडून मेलेल्या माणसाचा आवाज ओळखला होता. मला भीती वाटली. मशीन माझ्याजवळ गुरगुरत बसलं होतं आणि त्याला हात लावायला मी थोडा वेळ धजलो नाही.

त्याच दिवशी पहारा सुटल्यावर धाकटा माझ्याकडं आला. बावीस-तेवीसचा, अंगानं बारीक, बोलताना खाली बघणारा. आईला बोलावलं तर ती देवळात येत नाही, म्हणाला. दोन दिवस घरात ती थोरल्याचं ताट वाढून बसते. आणि त्या दुपारी तो पहाऱ्याला निघाला तर तिनं त्याला दारात अडवलं आणि सांगितलं की तू घरीच थांब, गडबड करू नको, थोरल्याचा पहारा आहे, त्याला गाऊ दे. तो मागच्या दारानं निघून आला होता.

“मिस्त्री, माझ्या गळ्यानं ती त्याला ऐकून राहिली,” तो म्हणाला. “मी जिता हाय. तुमी ते मशीन बराबर करा.”

मला हेच तर हवं होतं. पाचव्या दिवशी पहाटेच मी तारा काढून कर्ण्यावर लिहिलेल्या आकड्याशी जुळणाऱ्या स्क्रूवर बसवल्या, भरलेली बॅटरी जोडली, शाल उचलून थेट मारुतीच्या पायांवर ठेवली, आणि बटन चुन्याच्या बोटावर आणलं. पाटील कुरकुरले. मी म्हणालो की कर्णा जळाला तर सप्त्यात खंड पडेल आणि ते पाप माझ्या माथी नको. तेव्हा ते गप्प झाले.

दुपारी मी मुद्दाम झाडाखाली जाऊन उभा राहिलो. धाकट्याचा पहारा सुरू झाला आणि कर्ण्यातून असा नितळ आवाज आला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. ती बाई नेहमीच्या जागी बसली होती. पहिली ओळ होईपर्यंत तिनं ऐकलं. मग ती उठली, झाडाला फेरी मारून वर बघितलं, कर्ण्याच्या मागच्या बाजूलाही बघितलं, आणि माझ्याजवळ आली.

“त्याला काहून घालवलं?” एवढंच तिनं विचारलं.

 मशीन, स्क्रू, वॅट, सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. ती घराकडं गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. सहाव्या दिवशी तिनं अन्न घेतलं नाही, पाणीही घेतलं नाही. धाकट्यानं डोकं चेपायला हात लावला तर त्याचा हात तिनं बाजूला केला. मी काम बरोबर केलं होतं, यात शंका नाही, आणि त्या पोराचं घर मी पहिल्यापेक्षा वाईट करून ठेवलं होतं. मला माझी लाज वाटली.

सातव्या दिवशी पहाऱ्याच्या आधी तो माझ्याजवळ येऊन बसला.  मग त्यानं विचारलं की बटन शेवटाला नेऊन ठेवलं तर कर्णा किती टिकेल. मी म्हणालो, पहिल्या चार दिवसांत त्याला मार बसलाय, आता फार तर अर्धा पहारा.

“तेवढा पुरंल,” तो म्हणाला.

त्यानं बायांकडून आईला निरोप धाडला की झाडाखाली जा. मी नाही म्हणू शकलो असतो. कर्णा परक्याचा होता, आणि असली कामं करू नयेत हे मीच लोकांना सांगत फिरत होतो. मी उठलो, तारा परत चुकीच्या स्क्रूवर बसवल्या आणि दाराकडं बघत बसलो. त्यानं वीणा गळ्यात घेतली, डाव्या हातानं बटन पार शेवटाला नेलं आणि गायला लागला.

देवळात त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, उलट जास्त चांगला. एक लांबलचक अभंग त्यानं गायला, मग दुसरा, मग तिसरा धरला. अर्धा पहारा उलटून गेला होता. तिसऱ्याच्या मध्येच तो थांबला. वीणेच्या तारेवरचं बोट थांबलं नाही, त्यामुळं खंड पडला असं कुणी म्हणू शकलं नसतं. माईकच्या अगदी जवळ तोंड नेऊन तो म्हणाला, “आई, जातो मी.”

आमच्याकडं उंबऱ्यावरून निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. जातो म्हटलं तर बायका त्याला थांबवून तोंडावर हात ठेवतात. देवळातले टाळ एकदम बंद पडले. पाटलांनी माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. धाकट्यानं डोळे मिटले आणि अभंग जिथं सोडला होता तिथून पुन्हा धरला. हळूहळू टाळही सुरू झाले.

मी उठून तारेच्या कडेकडेनं झाडाकडं निघालो, जवळजवळ पळतच. झाडाखाली सगळं शांत होतं. कर्णा बंद होता आणि लाख जळाल्यावर येतो तसा वास थोडा थोडा येत होता. मी बायांना विचारलं की कधी बंद पडला. त्या म्हणाल्या, मघाशीच, पहिला लांब अभंग चालू होता, त्याच्या अर्ध्यातच. त्यानंतर? त्यानंतर काही नाही, एक शब्द नाही. कुणी काही बोललं? कुणीच नाही, आम्ही वाट बघत बसलो. मी तिघींना वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं आणि तिघींनी तेच सांगितलं. मला पटेना, म्हणून मी झाडावर चढलो. सावलीतल्या फांदीला युनिट बांधलेलं होतं. आत्ता जळालेलं असतं तर त्याला हात लावता आला नसता. ते पार निवलं होतं.

मी खाली उतरलो. ती बाई पदरानं तोंड पुसत होती. तिचा चेहरा कितीतरी दिवसांचा ताप उतरल्यासारखा दिसत होता.

“जातो म्हनला,” ती मला म्हणाली. “आई, जातो मी, असं म्हनला. तवा ओठ हलवले हुते ना त्यानं, ते हेच हुतं.”

मी विचारलं, “मावशी, कुठून ऐकलं तुम्ही?”

तिनं वर कर्ण्याकडं बोट केलं, मला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं असावं. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि लुगड्याची माती झटकली.

“धाकट्याचा पहारा सुटला का?” तिनं विचारलं. “दोन दिस उपाशी हाय लेकरू. त्याला घरी धाडा, मी भाकरी टाकते.”

ती गेली. बायाही पांगल्या. मी थोडा वेळ त्या झाडाखाली उभा राहिलो, कान देऊन, देवळातलं काही ऐकू येतं का ते बघत. काही ऐकू आलं नाही. वारा देवळाकडून येत होता तरी नाही.

मी परत आलो तेव्हा पहारा सुटत होता. धाकट्याच्या गळ्यात अजून वीणा होती आणि घाम मानेवरून वाहत होता. आत शिरताच त्यानं मला विचारलं, “ऐकलं का तिनं?”

“ऐकलं,” मी म्हणालो. “भाकरी टाकायला गेली. तुला बोलावलंय.”

त्यानं वीणा पुढच्याच्या गळ्यात घातली आणि चपला न घालताच तापलेल्या फुफाट्यातून घराकडं निघाला. कर्णा केव्हा बंद पडला, ते मी त्याला सांगितलं नाही.